वाघीची पिल्लं आणि आमचे साडू

आमच्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट न तपासता घरात आणली, आणि ती म्हणजे एक स्पॅनियल कुत्री. एरवी पाव किलो गवार घ्यायची तरी ते शेंग शेंग मोडून बघतात. गॅसचा नवा सिलिंडर आला की आणणाऱ्याला दारात थांबवून सीलभोवती साबणाचं पाणी लावतात आणि बुडबुडा येत नाही म्हटल्यावर थोडे खट्टू होतात. मुलगी बघायला माझ्या सासुरवाडीला पहिल्यांदा आले, तेव्हा पोहे यायच्या आत त्यांनी बैठकीच्या दाराची बिजागरी हलवून "हा स्क्रू अर्धा आटा बाहेर आहे" असं माझ्या सासऱ्यांना सांगितलं होतं. माझी थोरली मेव्हणी, म्हणजे आमच्या ताई, आजही सांगतात की त्या दिवशी ह्यांनी मुलीपेक्षा दाराकडे जास्त वेळ पाहिलं. मी त्यांना भाऊ म्हणतो. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. यंत्रावरून उतरलेला माल त्यांच्या टेबलावर यायचा आणि ते त्याला चिठ्ठी बांधायचे. हिरवी चिठ्ठी म्हणजे माल पास. लाल म्हणजे भंगार. मधली पिवळी म्हणजे रिवर्क, म्हणजे परत न्या, थोडं घासूनपुसून आणा, मग बघू. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं शाल-श्रीफळ दिलं, भाऊंनी नारळ कानाशी धरून हलवला आणि तो बदलून मागितला.

अशा माणसाच्या घरात वाघी आली ती कांद्यापायी. वर्षाचे कांदे भरायला भाऊ दर उन्हाळ्यात सटाण्याकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे जातात आणि कांदे साठवायच्या चाळीत बसून एकेक कांदा निवडून घेतात. निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात ते माझ्या गाडीतून आले होते, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. चाळीच्या सावलीत मधाच्या रंगाची एक कुत्री बसली होती. कान हनुवटीच्याही खाली लोंबत होते आणि त्यांत कांद्याची सालं आणि कुसळं गच्च अडकली होती. मुंबईच्या कुणा पाहुण्यानं ती राखणीसाठी दिली होती. शेतकरी कंटाळून म्हणाला, "नाव वाघी ठेवं, पन चोर उना ते त्याना संगे खेळनी." चोर आला तर ती त्याच्याशीच खेळत बसली, हे त्याचं म्हणणं खोटं नसावं, कारण आम्ही दोघं परके पुरुष रिकामी पोती घेऊन चाळीत शिरत होतो आणि वाघी शेपटी हलवत आम्हाला वाट दाखवत होती. भाऊ कांद्यांपाशी बसले. तिनं येऊन त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकवली. भाऊंनी सवयीनं तिचा कान उचलून आत पाहिलं, वास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. "सडलाय हा कान," ते म्हणाले. त्यांनी गरम पाणी मागवलं, स्वतःचा रुमाल फाडला आणि अर्धा तास तो एकच कान पुसत बसले. दुखत असणार, पण ती कुरकुरली नाही, हलली नाही, नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. परतीच्या वाटेवर वाघी त्यांच्या मांडीवर होती, पोती रिकामी होती, आणि देवळ्यापर्यंत येईस्तोवर आम्हा दोघांनाही कांद्यांची आठवण झाली नव्हती. घरी ताईंनी विचारलं, "कांदे?" भाऊ म्हणाले, "कांदे पुढच्या आठवड्यात. आधी हिला डॉक्टरकडे नेतो."

पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या रो-हाऊसमध्ये त्या दिवसापासून नवं खातं उघडलं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की स्पॅनियलचे कान म्हणजे झाकण लावलेला डबा, आत वारा जात नाही, ओल राहते आणि लगेच बुरशी धरते, म्हणून आठवड्यातून दोनदा साफ करायचे. एवढं ऐकल्यावर भाऊंच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते निवृत्तीनंतर कुणी पाहिलं नव्हतं. फ्रिजच्या दारावर तक्ता लागला. मंगळवार आणि शुक्रवार हे कानाचे वार ठरले. कारखान्यातली तपासणीची छोटी बॅटरी माळ्यावरून खाली आली. डावा कान, उजवा कान, रंग, वास, शेरा, सही. जेवताना कान ताटलीत बुडतात म्हणून ताईंचा केस बांधायचा जाळीचा रुमाल वाघीच्या डोक्यावर चढला, आणि दोन्ही वेळच्या जेवणाला ती न्हायला बसलेल्या बाईसारखी दिसू लागली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसलो. भाऊ गंभीरपणे म्हणाले, "तुमचे कान वरणात बुडत असते तर तुम्हालाही बांधला असता." तिला रोज पंधरा मिनिटं विंचरायचं, बोटांमधले केस कापायचे, भिजली की काखेपर्यंत कोरडी करायची, हे सगळं तक्त्यात होतं. स्वतःच्या डोक्यावर उरलेल्या केसांवरून मात्र ते जेमतेम हात फिरवत.

या जातीच्या डोळ्यांत एक मोठा धोका असतो. नुकतंच पोटभर जेवलेली वाघी फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अशी बघायची की तिला आठवडाभर अन्न मिळालं नसावं असं कुणालाही वाटे. कॉलनीतल्या बायका हळहळत. कुणी पोळी द्यायची, कुणी शिरा, एका घरातून तर रोज सकाळी तूप लावलेली भाकरी यायची आणि देणाऱ्या आजी ताईंकडे जरा रागानंच बघायच्या. दोन महिन्यांत वाघीची कंबर नाहीशी झाली. डॉक्टरीणबाईंनी वजन करून भाऊंना खडसावलं. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल नापास करणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच लाल चिठ्ठी मिळाली होती. त्यांनी घरी येऊन वळणदार अक्षरात पाटी रंगवली आणि फाटकावर टांगली: "हिचं जेवण झालेलं आहे. ती उपाशी असल्याचं दाखवते, ते खरं नाही." आजींनी ती पाटी वाचली, मान हलवली आणि भाकरी मागच्या दारानं पाठवायला सुरुवात केली.

पण वाघीनं त्या घरात जो खरा बदल केला तो आवाजाचा. चौतीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काढल्यामुळे भाऊ साधं "मीठ दे" म्हणाले तरी शेजारच्या घरातली माणसं मीठ शोधायची. वाघी आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी न्हाणीघरातून टॉवेल मागितला आणि ती पलंगाखाली जाऊन थरथरत बसली, खाली पाण्याचं तळं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या कुत्र्यांना हात उगारावा लागत नाही हो, त्यांना आवाजच लागतो. घरात कुणी कुणावर ओरडलं तरी यांना वाटतं आपलंच चुकलं." भाऊ त्यानंतर आठवडाभर जवळजवळ मुकेच होते. मग हळूहळू एक नवा आवाज फुटला, देवघरात बोलावं तसा. ताई मला म्हणाल्या, "चौतीस वर्षं सांगत होते हळू बोला. हिनं आठ दिवसांत करून दाखवलं." नवरा-बायकोची भांडणं थांबली नाहीत, पण त्यांची पद्धत बदलली. एकदा मी गेलो तेव्हा ताई भाजी निवडत हसऱ्या चेहऱ्यानं, अंगाई म्हणावी तशा सुरात म्हणत होत्या, "तुमच्या आईनं मला लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी पाठवलं नाही, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही," आणि भाऊ तितक्याच लाडिकपणे, वाघीच्या पोटावरून हात फिरवत उत्तर देत होते, "तुझ्या भावांनी बोलावणंच पाठवलं नव्हतं, तेही विसरू नकोस." दोघांच्या मधोमध बसलेली वाघी एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघून आनंदानं शेपटी आपटत होती.

तिला एकटं सोडलेलं चालत नसे. स्पॅनियलला माणूस लागतं, तेही शक्यतो अंगाला अंग लावून. त्यामुळे भाऊ आणि ताई यांना एखाद्या लग्नात जोडीनं पाहिलेला नातेवाईक आता सापडायचा नाही. अक्षतांना भाऊ असत, जेवायला ताई.

वर्षभरानं डॉक्टरीणबाईंच्या ओळखीतल्या एका काळ्या स्पॅनियलशी जमवून वाघीला पिल्लं झाली. पाच. ती द्यायची होती फुकट, पण भाऊंच्या हातून माल सुटणार म्हणजे तपासणी आली. इथं त्यांनी उलटंच केलं. पिल्लं त्यांनी तपासली नाहीत, ती मागायला येणारी घरं तपासायला घेतली. फोन आला की पहिला प्रश्न, "दुपारी एक वाजता घरी कोण असतं?" कॉलेज रोडच्या एका नोकरदार जोडप्यानं सांगितलं की दोघंही कामावर असतो पण घरात कॅमेरा आहे, मोबाइलवर सगळं दिसतं. भाऊंनी विचारलं, "कॅमेरा कान पुसतो का?" गंगापूर रोडच्या एका मोठ्या बंगलेवाल्याला राखणीला कुत्रा हवा होता. त्याला भाऊंनी सटाण्याच्या चोरांची हकीकत सांगून चहा पाजला आणि वाटेला लावलं. फोनवर जे टिकत त्यांच्या घरी भाऊ कापडी पिशवी आणि वही घेऊन स्वतः जात. प्रश्न विचारत, अंगण बघत, आणि निघता निघता, अगदी सहज हात लागल्यासारखा, हातातला चहाचा कप सांडत. जमेल तितक्या चांगल्या जागी, म्हणजे सोफ्यावर, गालिच्यावर, एकदा तर लग्नाच्या अल्बमवर. मग टिपायला घेत ते घर. कोण कुणाकडे बघतं, कुणाचा आवाज चढतो, कोणतं माणूस अंग चोरतं. नाशिक रोडला एक परिचारिका आणि तिचे वडील राहत. चहा सांडल्यावर त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी शांतपणे वर्तमानपत्र अंथरलं आणि म्हणाले, "असू द्या हो, फरशीच आहे. तुम्हाला भाजलं नाही ना?" भाऊंनी तिथल्या तिथं हिरवी चिठ्ठी दिली. घोटीला भाताची गिरणी असलेल्या एका शेतकरी कुटुंबात लहानमोठी आठ माणसं होती. कप सांडताच आठही जण हसले आणि धाकट्या सुनेनं दुसरा कप आणला. तिथंही हिरवी. आणखी दोन घरं अशीच पास झाली आणि एक पिल्लू उरलं, मागचा डावा पाय पांढरा असलेलं.

ते पिल्लू आमचं होतं, निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. माझी मुलगी सई तेव्हा अकरा वर्षांची होती. पिल्लांचे डोळे उघडले तेव्हापासून ती रोज शाळेतून परस्पर मावशीकडे जायची. पांढऱ्या पायाच्या पिल्लाचं नाव तिनं बुंदी ठेवलं होतं आणि कानाचे वार, विंचरायची वेळ, जेवणाचं माप असं सगळं लिहून रंगीत तक्ता तयार केला होता. मला वाटलं, घरचीच माणसं, आपली कसली तपासणी. पण एका रविवारी भाऊ कापडी पिशवी आणि वही घेऊन आले. माझी बायको चहा घेऊन आली. भाऊंनी सईला प्रश्न विचारले आणि तिनं तोंडी परीक्षेसारखी न अडखळता उत्तरं दिली. मी कौतुकानं बघत होतो. चहाच्या परीक्षेचं मी ऐकलेलं होतं, तिच्यावर पोट धरून हसलोही होतो, पण आपल्या घरात ती होईल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. सई तक्ता आणायला उठली, तिचा हात भाऊंच्या हाताला लागल्यासारखा झाला आणि भाऊंचा कप नव्या सोफ्यावर उपडा झाला.

मी एका शाळेत गणित शिकवतो. मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आहे माझा. तो माझ्या तोंडून कधी निघाला ते मला कळलं नाही. "डोळे फुटलेत का तुझे? हजार वेळा सांगितलंय बघून चाल म्हणून." सई रडली नाही. ती एक पाऊल मागे सरकली, भिंतीला पाठ टेकली आणि खाली बघत उभी राहिली. पाऊल नेमकं किती मागे टाकलं की भिंत लागते हे तिला माहीत होतं. भाऊंनी खिशातला रुमाल काढून सोफा टिपला. "चहा मी सांडला," ते मला म्हणाले. मग त्यांनी वही पिशवीत टाकली, सईच्या डोक्यावर हात ठेवला आणि चपला घालता घालता माझ्याकडे न बघता एकच शब्द बोलले, "रिवर्क."

मला राग आला, आणि तो बरेच दिवस टिकला. स्वतःच्या साडूनं मला, एका शिक्षकाला, कुत्र्याच्या पिल्लासाठी नापास करावं. मी बायकोला म्हणालो, "उद्या येतील आणि म्हणतील मुलगीही सांभाळायची तुमची लायकी नाही." ती कपडे घड्या करत होती. तिनं मान वर केली नाही. "ते चूक बोलले का?" एवढंच तिनं विचारलं. मी पाथर्डी फाट्याकडे जाणं बंद केलं. सई जात राहिली. तिनं मला पिल्लाबद्दल पुन्हा एकदाही विचारलं नाही, आणि तेच मला जास्त टोचत होतं.

महिन्याभरानं एका संध्याकाळी तिला घ्यायला बायको जाऊ शकली नाही, म्हणून मी गेलो. फाटकाशी पोचलो तर आतून सईचा आवाज येत होता. ती ओट्यावर बसून बुंदीला दिवसभराचं सांगत होती. धावण्याच्या शर्यतीत शेवटून दुसरी आली म्हणे. इंग्रजीच्या बाईंनी तिचा निबंध वाचून दाखवला आणि मधली एक ओळ गाळली, ती ओळ तिला सगळ्यांत आवडायची. आणि गणितात दोन गुण कमी पडलेत, ते घरी कसं सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही. ती भरभर बोलत होती, हसत होती, मध्येच पिल्लाला "ऐकतेस ना?" असं विचारत होती. अशी बोलणारी मुलगी मी आमच्या घरात पाहिली नव्हती. मी फाटकाची कडी काढली, तिचा आवाज झाला, आणि सई बोलायची थांबली. दप्तर उचलून उभी राहिली.

भाऊंनी तिला आत ताईंकडे पाठवलं आणि मला ओट्यावर बसवून ते शेजारी बसले. वाघी दोघांच्या मध्ये येऊन आडवी झाली. भाऊ त्यांच्या त्या देवघरातल्या आवाजात म्हणाले, "मला वाटायचं मी मशीनमुळे मोठ्यानं बोलतो. पण घरी कुठं मशीन होतं? आमचा मुलगा नागपूरहून दर रविवारी फोन करतो. आईशी अर्धा तास बोलतो. मी फोन घेतला की म्हणतो, बरं, ठेवतो आता. त्याचं काही चुकत नाही. लहानपणी माझ्याशी बोलायची सवयच त्याला लागली नाही." त्यांनी वाघीचा कान उचलून आत डोकावलं, जणू बोलणं तिच्या कानाविषयीच चाललं होतं. "आणि रिवर्क म्हणजे भंगार नव्हे. माल मुळात चांगला असला तरच परत पाठवतात. नाहीतर कोण त्रास घेतो?"

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी आयुष्यातली सगळ्यांत अवघड शिकवणी घेतली, आणि विद्यार्थी मीच होतो. भाऊंनी युक्ती दिली होती की तोंड उघडण्याआधी स्वतःच्या पायांकडे बघायचं. दिवसभर मी पायांकडेच बघत असे. वर्गात माझा आवाज इतका उतरला की मुलांना मी आजारी आहे असं वाटलं. मुख्याध्यापकांनी बोलावून घरी सगळं ठीक आहे ना म्हणून चौकशी केली. बायको म्हणाली, "असं गोड बोलू नका हो, भीती वाटते." सईसुद्धा पहिले काही दिवस माझ्याकडे संशयानं बघायची, वादळ कुठून येणार याचा अंदाज घेत. कधी कधी जुना आवाज निसटायचाच. मग मी माफी मागायचो, आणि तेही मला नीट जमत नसे. मधेच एकदा भाऊ न सांगता आले. मी सोफ्याच्या टोकावर बसून तासभर त्यांच्या कपावर नजर ठेवली होती. त्यांनी चहा एक थेंबही न सांडता प्यायला, दोन वड्या खाल्ल्या आणि उठले. मी दारात विचारलं, "झाली का तपासणी?" ते म्हणाले, "छे, आज सुट्टी आहे माझी." मी उरलेला दिवस चरफडत काढला, अर्थात हळू आवाजात.

इकडे बुंदी मोठी होत चालली होती. तिच्यासाठी तीन चांगली घरं आली होती असं ताईंनी मला मागाहून सांगितलं. भाऊंनी प्रत्येकाला तिचा पांढरा पाय दाखवला आणि मालात दोष आहे म्हणून परत पाठवलं.

आणि मग एके दिवशी मी शाळेतून येऊन बूट काढत असताना सई आतून आली. तिचा चेहरा उतरलेला होता, पण ती चालत माझ्यापर्यंत आली. "बाबा, सायकल लावताना तुमच्या स्कूटरचा आरसा माझ्याकडून फुटला." मला तर माहीतही नव्हतं, कळलंही नसतं बहुधा, मी शेजाऱ्याच्या पोरांवर घसरलो असतो. मी पायांकडे बघायला गेलो आणि लक्षात आलं की बघायची गरज पडली नाही. "तुला लागलं का कुठं?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाही. काचा मी उचलल्या." मग तिनं गणितातल्या त्या दोन गुणांचंही सांगून टाकलं.

मी हे कुणाला बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ आले तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीतून बुंदीचं डोकं बाहेर आलेलं होतं. सईनं तिला उचललं आणि दोघी खोलीत गेल्या त्या जेवायला हाक मारेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मी म्हणालो, "पण तुम्ही तर पुन्हा तपासलंच नाहीत." "आरशाचं आपणहून बाबांना सांगितलं, असं पोरगी मला म्हणाली," भाऊ म्हणाले. "आणखी काय तपासायचं?" जेवणं झाल्यावर त्यांनी खिशातून कात्री काढली आणि बुंदीच्या बोटांमधले केस कसे कापायचे ते मला तासभर शिकवलं.

पुढची सहा-सात वर्षं भाऊ पाचही घरांच्या फेऱ्या मारत राहिले. पिल्लांचे कान, वजन, दात, सगळं त्यांच्या वहीत असे. गेल्या हिवाळ्यात वाघी गेली. हृदय थकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी महिनाभर आधीच कल्पना दिली होती. दुपारी ऊन खात ओट्यावर झोपली होती, भाऊ शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होते, आणि पान उलटताना त्यांच्या लक्षात आलं. घोटीच्या त्या शेतकरी कुटुंबानं तिला आपल्या शेताच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली जागा दिली. भाऊंनी बाकी कुणालाच कळवलं नव्हतं. ताईंनी एकेक करून सगळ्यांना फोन केले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला उरलेल्या चारही घरांतली माणसं आपापलं कुत्रं घेऊन तिथं पोचली. नाशिक रोडचे आजोबा काठी टेकत आले होते. भाऊंनी स्वतः माती लोटली. कुणी भाषण केलं नाही. धाकट्या सुनेनं झेंडूची चार फुलं ठेवली.

मग माणसं जरा पांगली आणि कुत्र्यांना सोडलं. पाचांनीही एकमेकांना ओळखल्याचं काही दाखवलं नाही, पण पाच मिनिटांत ती सगळी कापलेल्या भाताच्या खाचरांमधून एकामागे एक धावत सुटली आणि पलीकडच्या ओहोळात जाऊन पडली. भाऊ बांधावर बसले होते. मी त्यांच्या एका बाजूला बसलो, सई दुसऱ्या बाजूला. ती आता बारावीत आहे.

"पुण्याला जाणार म्हणे तू कॉलेजला," भाऊंनी विचारलं.

"हो काका. जूनमध्ये."

"मग बुंदीचं कोण बघणार?"

"बाबा."

भाऊंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांची ती जुनी नजर मला पाठ होती, कारखान्यातल्या मालावर, गवारीवर आणि माझ्यावर फिरलेली. ह्या वेळी ती फार वेळ थांबली नाही.

"जमेल त्यांना," ते म्हणाले.

गिरणीकडून ताई जेवायला चला म्हणून हात हलवत होत्या. एकेक करून माणसं तिकडे निघाली. भाऊ उठले नाहीत, म्हणून आम्हीही उठलो नाही. ऊन वाढत गेलं, ओहोळातलं पाणी गढूळ झालं, आणि दमलेली कुत्री आपणहून परत येईपर्यंत आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो.